ओल्या चुन्यातला बाण

आश्विनातलं ऊन चटका द्यायला लागलं की मी परसातल्या पत्र्याच्या पिंपात चुन्याची कळी टाकतो. वरून पाणी ओततो. आधी काहीच होत नाही. मग तळाशी कुणी घसा खाकरावा तसा आवाज येतो आणि पाणी आपोआप उकळायला लागतं. वाफेने डोळे चुरचुरतात, नाकात खवट उष्ण वास भरतो. दुसऱ्या दिवशी ते सगळं गार होऊन लोण्यासारखं बसलेलं असतं. फडक्यातून गाळायचं, थोडा डिंक घालायचा, थोडी नीळ. आमची रस्त्याकडची भिंत एक्कावन्न फूट लांब आणि साडेपाच फूट उंच आहे. दोन हात द्यायचे तर बारा किलो कळी लागते. दहा किलो पुरत नाही, पंधरा उरते.

या सगळ्या कामात मला नकोसा वाटतो तो पहिला हात. ज्यांनी स्वतः चुना लावलेला आहे त्यांना ठाऊक असेल, ओला चुना काही झाकत नाही. लावला त्या क्षणी तो पाण्यासारखा असतो. भिंतीवरचे जुने डाग, पोपडे, खिळ्यांची भोकं, सगळं कोरड्या भिंतीपेक्षाही ठसठशीत दिसतं. मग ऊन आपलं काम करतं आणि हळूहळू पांढरं चढत जातं. आमच्या फाटकाच्या डाव्या अंगाला, त्या भिंतीच्या पोटात, एक निळा बाण आहे. लांबी चार फूट, टोक फाटकाकडे. एरवी तो दिसत नाही. कुंचा फिरला की वर येतो, पाऊण तास राहतो आणि जातो. त्याच्या शेजारी तांबडी अक्षरंही येतात. ती मी वाचत नाही. पाठ आहेत.

यंदा हे कागदावर उतरवायला बसलो त्याला निमित्त एका निमंत्रणपत्रिकेचं. शहरातल्या एका कलामंडळाने भिंतींचा उत्सव योजला आहे. चित्रकलेचे विद्यार्थी आठवडाभर जळगावच्या भिंती रंगवणार. पत्रिका गुळगुळीत कागदाची, आणि तीत लिहिलं आहे की परदेशातल्या मोठ्या शहरांत भिंतीवरच्या रंगकामाला आता कला म्हणून मान्यता मिळाली आहे, आपणही मागे राहू नये, भिंत हे सर्वसामान्यांचं कलादालन आहे, भिंती बोलक्या झाल्या पाहिजेत. खाली बारीक टाइपात, उद्घाटनाच्या वेळी खानदेशातल्या एका ज्येष्ठ भित्तिचित्रकाराचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. फोटोही आहे. केस पिकलेत, मिशी तीच. गोकुळ पेंटर.

मी पत्रिका दोनदा वाचली. मान्यता मिळाली आहे म्हणतात, पण ती दिली कुणी, हे त्यात कुठेही नाही. माझा अनुभव असा की भिंतीवरच्या रंगाला मान्यता देणारा माणूस कधीही त्या भिंतीच्या आत राहत नसतो. तो रस्त्याच्या पलीकडे उभा असतो, मान तिरपी करून बघतो, वा म्हणतो आणि आपल्या स्वच्छ भिंतींच्या घरी जेवायला जातो. घरात टांगलेलं चित्र मला आवडलं नाही तर मी दुसरीकडे बघतो, फार तर काढून माळ्यावर टाकतो. भिंतीचं तसं नाही. भिंतीवर जे लिहिलं जातं ते घरमालकाच्या नावावर चढतं. आणि भिंती बोलक्या व्हाव्यात असं ज्यांना वाटतं त्यांना मी एवढंच सांगेन, की आमची भिंत एकदा बोललेली आहे.

ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतला जळगाव आठवतो तो भिंतींनीच. डाळमिलच्या बाजूने वारा आला की तुरीच्या टरफलांची धूळ दातांखाली यायची. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या की बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके लोंबायचे. पाऊस संपून भिंती वाळल्या की पेंटर लोक सायकली काढून बाहेर पडत. हँडलला रंगाचे डबे, कॅरिअरला घडीची शिडी, कानावर पेन्सिल. सरकीचं बियाणं, पाण्याचा पंप, बिडी, दंतमंजन, सर्कस, हात पाहणारे ज्योतिषी. एका भिंतीवर गाय, तिच्या पोटावरून गेलेली सिमेंटची जाहिरात, आणि जिथे गाय संपते तिथे कुण्या उमेदवाराला विजयी करा. टर्पेंटाइनचा वास मला आजही त्या ऋतूचा वास वाटतो. लोकांना दिवाळी म्हटली की तळणाचा वास आठवतो, मला हा.

मधली दोन वर्षं माझी बदली धुळ्याला होती. तिथे एक प्रकार पाहिला तो तर कागदावर मांडावा असा होता. निवडणूक दूर असली तरी पक्षांची पोरं गेरूचा डबा घेऊन फिरत आणि लोकांच्या भिंतींच्या कोपऱ्यात 'बुक' असं लिहून ठेवत. पुढे पक्षाचं आद्याक्षर. म्हणजे ही भिंत आमची झाली, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि हा नियम ते आपसात कसोशीने पाळत! एका पक्षाने दुसऱ्याच्या बुक भिंतीवर लिहिलं म्हणून चौकात डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. मालकाला विचारायचं असतं हे मात्र एकाही पक्षाच्या ध्यानात आलं नाही. आमचे घरमालक निवृत्त पोस्टमास्तर. एके सकाळी धोतराचा सोगा हातात धरून ते बाहेर आले आणि म्हणाले, "अरे, ही माझी भिंत आहे."

पोराने कुंचा न थांबवता उत्तर दिलं, "काका, आम्ही कुठे घेऊन चाललोय तुमची भिंत? राहू द्या ना इथंच."

पोस्टमास्तर आत आले, खुर्चीत बसले आणि बराच वेळ वर्तमानपत्राचं एकच पान धरून राहिले. हे मी पाहिलं होतं. तरी भिंतीचा घाव किती आत जातो हे मला जळगावला परत आल्यावर कळलं.

आमच्या घरात तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, माझी बायको, मी आणि धाकटी बहीण शकू, एवढी माणसं. आम्ही मूळचे फैजपूरकडचे, केळीच्या पट्ट्यातले. आबांनी शहरात जागा घेतली ती कोपऱ्याची. कोपऱ्याच्या घराला दोन रस्ते मिळतात याचा त्यांना अभिमान. मला त्याचा तोटा दिसायचा. येणारा-जाणारा प्रत्येक जण पत्ता आमच्याकडे विचारायचा. बसस्टँड कुणीकडे, कन्याशाळा कुणीकडे, वखार कोणती. मी खिडकीतून हात दाखवून मोकळा होई. शकूचं तसं नव्हतं. ती हातातलं काम ठेवून फाटकापर्यंत जायची, हात लांब करून, कुठे वळायचं, कुठे पिंपळ लागेल, सगळं सांगायची, आणि माणूस बरोबर वळला की नाही हे बघूनच आत यायची. बालवाडीत शिकवायची, त्याची सवय असेल. आबा म्हणायचे, "हिले नगरपालिकेनं पगार द्यायले पाहिजे."

त्या वर्षी शकूसाठी दोंडाईचाचं स्थळ आलं होतं. मुलगा जिनिंग फॅक्टरीत हिशेब बघायचा. मधे नाना होते, आमच्या आईकडचे लांबचे नातेवाईक. स्थळ येण्याआधीच शकूने मुलाला मुक्ताईनगरला एका लग्नात पाहिलं होतं. तो पंगतीत वाढत होता आणि तिच्या पानात त्याने जिलबी दोनदा वाढली. हे तिने माझ्या बायकोला सांगितलं, बायकोने मला. एवढ्यावरून आमच्या घरात कुणी काही धरून चालत नाही. पण शकूने नव्या साडीला फॉल शिंप्याकडे न देता स्वतः लावला, आणि लावताना ती काहीतरी गुणगुणत होती. बघायला येण्याचा दिवस ठरला दिवाळीनंतरचा गुरुवार, दुपारी चार.

पाहुणे येणार म्हणून मी पंधरा किलो कळी भिजवली आणि भिंतीला नेहमीपेक्षा मन लावून चुना दिला. दोन हात, वर नीळ. एक्कावन्न फूट पांढरं शुभ्र. मग घराला कुलूप लावून आम्ही चार दिवस दिवाळीला गावी गेलो. हे शहरातली सगळीच गावाकडची माणसं करतात. आधी भिंत पांढरी करतात आणि मग घर मोकळं सोडून जातात. पेंटर लोकांना आणखी काय हवं असतं?

मंगळवारी परतलो. रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि आबा म्हणाले, "चुकला वाटते हा. आपलं घर नोहे हे."

फाटकाच्या डाव्या बाजूला, जिथे भिंत सर्वांत जास्त नजरेत भरते तिथे, सव्वा सव्वा फूट उंचीची तांबडी अक्षरं होती. मूळव्याध! भगंदर! जुनाट गुप्तरोग! निराश होऊ नका! त्याखाली निळ्यात, दर गुरुवारी सकाळी दहापासून, पुढचा चौक, लॉजची खोली नंबर चार. आणि पुढचा चौक दाखवणारा तो बाण. चौक आमच्या घराच्या पलीकडेच होता, दिशा चूक नव्हती. पण बाणाचं टोक जिथे संपत होतं तिथून दीड हातावर आमचं फाटक होतं. कुणीही वाचलं असतं तर फाटक ढकलून आतच आलं असतं. उजव्या कोपऱ्यात वेलबुट्टीची सही, गोकुळ आर्ट.

आबा हातातली पिशवी खाली न ठेवता उभे राहिले. "मी काय मेलो काय रे?" ते भिंतीला म्हणाले. "माणूस जिता हाय घरात."

शकूने सगळं वाचलं आणि फक्त म्हणाली, "भाऊ, परवा गुरुवारच आहे."

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी त्या पेंटरला शोधलं. धुळे रस्त्यावर एका गोदामाच्या भिंतीला फळी टांगून तो सरकीच्या बियाण्याची जाहिरात रंगवत होता. कापसाचं बोंड भोपळ्याएवढं काढलं होतं.

"गोकुळ पेंटर तुम्हीच?"

"आर्टिस्ट," त्याने वरूनच दुरुस्ती केली.

"कोपऱ्यावरच्या घराची भिंत तुम्ही रंगवलीत?"

त्याचा चेहरा उजळला. "तुमनी शे का ती? आरे वा! कशी शेत अक्षरं?"

"कुणाला विचारून लिहिलंत?"

"इचारू कोनले? कुलूप व्हतं ना भाऊ." तो फळीवर आरामात वळून बसला. "काय भीत शे तुमनी! ताजा चुना, तोंडवर ऊन, दोन्ही रस्तावरथीन दिसस. आशी भीत बठ्ठा जळगावमा नही."

मी म्हटलं, "उद्या माझ्या बहिणीला बघायला येणार आहेत. ते आजच्या आज काढा."

"तेलना रंग शे. निंघाव नही." थोडा विचार करून त्याने तोडगा काढला. "आस करूत. त्यानावर गणपती काढी देसू. दोन बाजूले दोन हत्ती. शुभविवाह लिखी देसू, मस्त."

"अहो, लग्न ठरलेलं नाही अजून!"

"ठरी जाई! नावनी जागा मोकळी ठेवसू."

त्याला माझा राग कळलाच नाही. त्याच्या डोळ्यांपुढे आता हत्ती उभे होते. एक गोष्ट मी प्रामाणिकपणे नोंदवतो, नाहीतर माझ्या लिहिण्याला अर्थ उरणार नाही. त्याचं अक्षर चांगलं होतं. मी नंतर फूटपट्टी लावून पाहिलं. दोरीची रेघ न मारता ओळ सरळ, प्रत्येक काना सारख्या उंचीचा, उद्गारचिन्हंसुद्धा एका वजनाची. पण चोर तुमच्या घरात दबक्या, डौलदार पावलांनी शिरला तर त्याला तुम्ही नर्तक म्हणता का?

गुरुवारी सकाळी आबांनी स्वतः पिंपातला उरलेला चुना कालवला. हिशेब माझाही तोच होता. आठला हात दिला की बारापर्यंत खणखणीत वाळेल, पाहुणे चारला. पहिल्याने थोडं दिसेल, दुसऱ्याने जाईल. आबा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून कुंचा मारत होते, मी बादली धरली होती. चुना ओला होता आणि अक्षरं अशी झळकत होती की जणू आत्ताच लिहिली. नेमका तेव्हा रिक्षा थांबली.

मुलाकडचे साडेनऊलाच आले. मुलगा, त्याचे मामा, त्याची आत्या, जिला सगळे अक्का म्हणत, आणि मागून ओशाळलेले नाना. अक्कांनी उतरतानाच स्पष्टीकरण दिलं, "मी सांगेल टाइमले कधीच जात नही. घर जसं शे तसं देखाले पाहिजे." आमच्याकडे हा रिवाजच आहे. वेळ एक सांगायची आणि आधी जाऊन थडकायचं, म्हणजे पडदे, चादरी, उसनी कपबशी यांच्या आतलं घर सापडतं. आम्हीही तिकडे गेलो असतो तर तसंच केलं असतं.

मामांनी चष्मा लावला आणि भिंत पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचली. शेवटी विचारलं, "नाना, आज वार कोनता?"

"गुरुवार," नाना म्हणाले.

आबांच्या हातातल्या कुंच्यातून चुना त्यांच्या पायावर ठिबकत होता. ते म्हणाले, "आमचं नाही ते. कोन्या भडव्यानं लिहिलं." घरी आलेल्या पाहुण्यांपुढे आबा शिवी देताना मी आयुष्यात एकदाच ऐकले.

आत सगळं मग बरं चाललं होतं. पोहे झाले. अक्कांनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी येते का, भरीत कांड्याने कुटता की मिक्सरवर, असं विचारलं. शकूने नीट उत्तरं दिली. मुलगा तिच्याकडे बघत होता, आणि मला वाटतं तीही एकदा बघून गेली. ती चहाचा ट्रे घेऊन दाराशी आली तेवढ्यात फाटक वाजलं. सावद्याकडचा कुणी म्हातारा शेतकरी, हातात घडी घातलेली उशी, बहुधा बसमध्ये बसण्यासाठी आणलेली. आम्ही उठायच्या आत तो ओट्यापर्यंत आला.

"दवाखाना हाच व्हय काय? बाण त इकडेच दाखोते."

शकूने ट्रे उंबऱ्याशी ठेवला, ओट्यावर गेली आणि हात लांब करून म्हणाली, "इथे नाही बाबा. असंच सरळ जा, पुढच्या चौकात लॉज आहे. खोली नंबर चार. दहाला उघडतात."

म्हातारा वळला. ती तो नीट जातो का हे बघत उभी राहिली, नेहमीसारखी.

बैठकीत अक्का म्हणाल्या, "पोरगीले बठ्ठं तोंडपाठ शे वाटतं."

मुलगा हसला. तो वाईट हसला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्याला ती आवडली असावी. पण मामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. शकू आत आली तेव्हा चहा तसाच निवत होता, आणि तिला कळलं नव्हतं की काय झालं. खूप वेळाने कळलं. मी तिचा चेहरा तेव्हा पाहिला.

निरोप नानांकडून आला. मुलीत खोट काढायला जागा नाही, असं ते म्हणतात. पण घरात कुणाला तरी काहीतरी जुनं दुखणं आहे. नसतं तर पाहुणे यायच्या दिवशी सकाळी सकाळी चुना कशाला मारत होते?

जाहिरात तशीच ठेवली असती तर ती लॉजची राहिली असती. पुसायला गेलो म्हणून ती आमची झाली.

संक्रांतीपर्यंत दर गुरुवारी कुणी ना कुणी फाटक वाजवलं. चुन्याचे दोन हात दिले तरी तेलाचा तांबडा रंग पांढऱ्यातून गुलाबी होऊन डोकावत राहिला. गल्लीतली टवाळ पोरं आम्हाला दवाखाना म्हणायला लागली, मग रिक्षावाले, मग मोठी माणसंही, पत्ता सांगायला सोपं म्हणून. बालवाडीतल्या एका आईने शकूला हळूच विचारलं, तुमच्याकडे औषध मिळतं का. चोपड्याचं एक स्थळ घर न बघताच परतलं. अडीच वर्षांनी शकूचं धुळ्याला जमलं, बिजवर. आमचे मेहुणे सज्जन आहेत, माझी काही तक्रार नाही. तिचीही नाही, असं ती सांगते. पण त्या गुरुवारनंतर कुणी रस्त्यावरून पत्ता विचारला की शकू आत निघून जायची. लग्न होऊन गेल्यावर माहेरी यायची तेव्हाही. रस्ता मी सांगायचो, खिडकीतून.

आबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात ते मला म्हणाले होते, "भिंत बाकी सांभाळजो." मी सांभाळली. टोकाला कुंपणाची तार लावली. 'येथे लिहू नये' असं लिहून पाहिलं आणि मग लाजेने ते पुसलं, कारण आपणही लिहिलंच की. आता मी दिवाळीला गावी जात नाही. घर मोकळं सोडत नाही.

लोक म्हणतात, काळ बदलला, ही नवी मुलं जाहिरात नाही करत, फुलं काढतात, पक्षी काढतात, झाडं वाचवा सांगतात. पारोळ्याच्या किल्ल्यावर दगडात बदाम कोरून त्यातून बाण काढणारी मुलंही तेव्हा हेच म्हणाली असती, की आम्ही काही वाईट लिहिलं नाही. कुणी काय लिहिलं याला मी दुय्यम मानतो. आधी विचारलं होतं का, एवढाच माझा सवाल आहे. मोर काढायचा असला तरी.

आणि यंदा झालं ते असं, की त्यांनी विचारलं.

भाऊबीजेसाठी शकू आली होती. यंदा गुडघ्यामुळे माझं चुन्याचं काम मागे पडलं होतं, ते भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काढलं, आणि तिने पदर खोचून कुंचा माझ्या हातून काढून घेतला. सकाळची वेळ. पहिला हात फाटकापर्यंत आला होता. तेवढ्यात कलामंडळाचे एक चित्रकलेचे तरुण शिक्षक दोन विद्यार्थ्यांना घेऊन हजर. दाढी, झोळी, पायांत कोल्हापुरी. हात जोडून म्हणाले, "काका, पत्रिका मिळाली असेल. तुमची ही कोपऱ्याची भिंत उत्सवासाठी मिळाली तर फार बरं होईल. अशी भिंत अख्ख्या जळगावात नाही."

हे वाक्य मी याआधी ऐकलं होतं.

मी काही बोलणार तोच त्यांची नजर ओल्या भिंतीवर गेली. बाण वर आला होता. तांबडी अक्षरंही. ते झरकन पुढे झाले, गुडघ्यावर बसले. "अरे! हे कुणाचं काम? हातचं जुनं अक्षर आहे. हा काना बघा रे, हे वळण बघा." विद्यार्थीही वाकले. "काका, हे तुम्ही चुन्याने झाकताय? हे जपायला हवं! आपण हेच मोकळं करू, भोवती चौकट देऊ. ज्यांचा सत्कार आहे त्यांच्या हातचं तर नसेल?"

"त्यांच्याच," मी म्हटलं.

"मग तर प्रश्नच नाही!"

शकूने कुंचा बादलीत टेकवला. तिने विचारलं, "सर, काय लिहिलंय ते वाचलंत का?"

ते दिलखुलास हसले. "ताई, आम्ही अक्षर बघतो, मजकूर नाही."

मला वाटलं ती आत निघून जाईल. ती गेली नाही. "आम्ही पंधरा वर्षं मजकूरच बघतोय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, बालवाडीतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं.

सर उठून उभे राहिले. त्यांना अर्थ लागला नसावा, पण माणूस सभ्य होता. पँटचा गुडघा झटकत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे... तुमची परवानगी नाही?"

मी खरं सांगतो, इतकी वर्षं मी या भिंतीवरून किती जणांशी मनातल्या मनात भांडलो असेन याला गणती नाही. पेंटरशी, पक्षांच्या पोरांशी, मामांशी. पण ती सगळी भांडणं नंतरची होती. रंग वाळून गेल्यावरची. 'नाही' म्हणायला आधी कुणीतरी विचारावं लागतं, आणि या भिंतीला आजवर कुणीच विचारलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि मग थांबलो. भिंत माझ्या नावावर आहे. पण त्या मजकुराखाली मी नव्हतो.

"हिला विचारा," मी म्हटलं.

सरांनी शकूकडे पाहिलं. तिने ओल्या भिंतीकडे. बाणाचं टोक अजून निळं होतं, शेपटाकडून पांढरं चढायला लागलं होतं.

"नाही," शकू म्हणाली. "फुलंही नकोत. कोरी राहू दे."

"कारण कळलं असतं तर..."

"कारण काही नाही. नाही म्हणजे नाही." आणि ती हसली. तशी ती हसलेली मी साडीला फॉल लावताना पाहिली होती.

सरांनी पुन्हा हात जोडले. जाता जाता वळून विचारलं, "काका, कन्याशाळेची भिंत कुणीकडे? तिथे परवानगी मिळाली आहे."

मी सवयीने हात उचलणार होतो. पण शकू आधीच फाटकाबाहेर गेली होती. चुन्याने भरलेला हात लांब करून, कोपरापासून पांढरे थेंब गळत असताना, ती सांगत होती. "सरळ जा. पिंपळ लागेल. तिथून डावीकडे वळा, उजवीकडे नाही. निळं गेट दिसेल." ते तिघे निघाले. ते पिंपळाशी बरोबर वळतात का हे बघत ती रस्त्यात उभी राहिली.

ते वळले. ती परत आली, कुंचा उचलला. तोवर भिंत वाळत आली होती.

"भाऊ," ती म्हणाली, "दुसऱ्या हाताला चुना पुरेल ना?"

"पुरेल," मी म्हटलं. "बारा किलो भिजवलाय."